खोलीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

सेलूला कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आहे. मुलगी ऑक्टोबरपासून म्युनिकला एमएस करायला निघाली आहे. विद्यापीठ सरकारी, फी जवळपास नाहीच. तिने ऑनलाइन एक खोली शोधली: फर्निचरसकट, महिना ४५० युरो. मालक सध्या दुसऱ्या देशात असतो. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं असे १,८०० युरो पाठवले की किल्ली कुरिअरने येणार. वाचक विचारतात, ‘सहा लाखांच्या एफडीतले दीड लाख पॉलिसीत गेले. उरलेल्यातून हे पैसे पाठवू, की कर्ज वाढवून घेऊ?’

एक रुपयाही पाठवू नका. म्युनिकमध्ये साधी खोली सातशे-आठशे युरोंना मिळते. स्वस्त खोली, परदेशातला मालक आणि कुरिअरची किल्ली हे तिन्ही एकत्र आले की ती फसवणूकच असते. मोंढ्यात पोत्यात हात घातल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नाही, मग इथे १ लाख ८० हजार कसे सोडता?

पण मी अडखळलो ते ‘पॉलिसीत गेले’ या शब्दांवर. सोबत जोडलेली पानं वाचली. शैक्षणिक कर्ज १८ लाख, व्याज साडेदहा टक्के. शेत तारण घेतलं नाही म्हणून बिगरशेती प्लॉट दिलात. ते नेहमीचंच आहे, कारण थकीत कर्जासाठी तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही आणि बँका ती टाळतात. मात्र त्याच टेबलावर ‘पॉलिसी घेतली की फाइल लवकर हलते’ असं सांगून वर्षाला दीड लाखाचा हप्ता गळ्यात मारला. हप्ते दहा वर्षं, पैसे विसाव्या वर्षी.

पेनने गोल करून दाखवलेला आकडा ३१ लाखांचा. तो कंपनीच्या गुंतवणुकीवर ८ टक्के परतावा गृहीत धरलेल्या रकान्यातला आहे. शेजारचा ४ टक्क्यांचा रकाना कुणी दाखवला नाही. आणि ३१ लाख खरोखर मिळाले, तरी तुमच्या १५ लाखांवरचा परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आतच बसतो. म्हणजे साडेदहाने कर्ज काढायचं आणि पाचने पैसे गुंतवायचे! विमा म्हणावा तर तोही अपुरा. कर्ज मुलीच्या नावावर, कवच तुमच्या जिवावर, तेही १५ लाखांचं.

पुढच्या हप्त्याची तारीख बघितलीत का? २० जून. त्या दिवसांत तुमचा सगळा पैसा खत-बियाण्यांत आणि उधारीत अडकलेला असतो. वसुली होते ती सोयाबीन निघाल्यावर. दुसऱ्याच वर्षी हा हप्ता कुणाच्या तरी हातउसन्यावर भराल.

पॉलिसी हातात पडून दहाच दिवस झालेत हे नशीब. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. त्या काळातल्या जोखमीचा भाग, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने करा आणि कंपनीच्या शाखेत प्रत देऊन पोच घ्या. बँकेतल्या साहेबांकडे देऊ नका. ‘थोडं थांबा, वरिष्ठांशी बोलतो’ म्हणत ते तीस दिवस सहज काढतील. कर्ज अडेल असं कुणी म्हणालं तर लेखी मागा. कर्जासाठी विम्याची सक्ती करता येत नाही, आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे.

आता खर्च. युरो १०० रुपये धरू, आज तो थोडा वरच आहे. व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे आपणच आधी पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात. भाडं ७५०, आरोग्यविमा दीडशेच्या आसपास; जेवायला उरले नव्वद. म्युनिकमध्ये १,२०० धरा. दोन वर्षांचे २९ लाख. पॉलिसीचे पैसे परत आले, तर तुमच्याकडे कर्ज आणि एफडी मिळून २४.

परदेशी प्रवेशाचा कन्सल्टंट म्हणतो, पार्टटाइममधून पहिल्या महिन्यापासून ७०-८० हजार. जर्मनीत किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे, त्यामुळे आकडा अशक्य नाही. पण जर्मन न येणाऱ्या मुलीला पहिल्या सेमिस्टरला ते काम देणार कोण? पहिले सहा महिने शून्य धरा, पुढचे अठरा महिने ४० हजार. सात लाख होतात. खड्डा भरून दोन लाख उरतात. पॉलिसी ठेवलीत तर या दोन वर्षांतच तीन लाख हप्त्यात जातात आणि पुन्हा खड्डा पडतो.

शिवाय पूर्ण रक्कम उचलल्यावर कर्जाचं व्याजच महिन्याला सोळा हजार आहे. ते दुकानातून भरत गेलात तर नंतरचा दहा वर्षांचा हप्ता २४ हजारांच्या आसपास राहील. साचू दिलंत तर मुद्दल बावीस लाखांकडे जाईल आणि हप्ता तिशीच्या घरात. पॉलिसीसाठी दीड लाख काढू शकणारा माणूस हे व्याज भरू शकतो. विमा हवाच, तर तुमचा आणि मुलीचा साधा, फक्त जिवाचं कवच देणारा टर्म प्लॅन घ्या, मुलीचा ती निघायच्या आधी.

खोलीसाठी मुलीला सांगा: स्टुडिएरेनडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, वसतिगृहांसाठी आजच अर्ज कर. १९७२च्या ऑलिम्पिक गावातही विद्यार्थी राहतात. रांग मोठी असते, म्हणून पहिले दोन-तीन महिने बाहेर गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची खोली पोटभाड्याने घ्यावी. व्हिडिओ कॉलवर खोली आणि माणूस दोन्ही बघितल्याशिवाय पैसे नाहीत. पत्त्याची नोंदणी करू देणार का, हे आधी विचारावं; राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्याला घरमालकाचा कागद लागतो. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. पॉलिसीचे पैसे परत आले की त्याच एफडीत टाका. पहिलं डिपॉझिट त्यातून जाईल.