नवा लॅपटॉप बुक केलाय, तारीख पुढे पुढे जातेय आणि आधी मिळालेल्यांच्या तक्रारी येताहेत. बुकिंग रद्द करावं का?

लगेच रद्द करू नका. पण कंपनीकडून डिलिव्हरीची नवी तारीख आजच ईमेलवर मागून घ्या, आणि तीही चुकली तर पैसे परत घ्यायचे हे आताच ठरवून ठेवा.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकताच आलेला लॅपटॉप मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पूर्ण पैसे भरून बुक केला, डिलिव्हरीची तारीख दोनदा पुढे गेली, आणि ज्यांच्या हातात तो पडलाय ते स्क्रीनच्या कडेने उजेड दिसतो, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तापतो, अशा तक्रारी करताहेत. मी तुमच्याच नाशिकमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. नवीकोरी मशीन्स माझ्याकडे क्वचित येतात; येतात ती वर्ष-दोन वर्षं वापरलेली आणि बिघडलेली. त्यामुळे माझं उत्तर त्या टेबलावरून आलेलं आहे.

आधी उशिराचं बोलू. परदेशात आलेलं मॉडेल भारतात रेंगाळतं, त्याला काही ठरलेली कारणं आहेत. लॅपटॉपला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी लागते, अॅडॉप्टर आणि बॅटरीलाही लागते. सरकारने ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपची आयात परवान्याखाली आणली, मग मुदत वाढवली, आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून कंपन्यांना ऑनलाइन मंजुरी घेऊनच बाहेरून माल आणावा लागतो. त्यात २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचा तुटवडा आहे. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा तुमच्या निर्णयाशी थेट संबंध आहे. आज रद्द केलंत आणि दोन महिन्यांनी त्याच लॅपटॉपकडे परत आलात, तर तोच भाव मिळेलच असं नाही. रद्द करू नका म्हणतोय त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण असं की कधीकधी उशीर ग्राहकाच्या फायद्याचा असतो. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. महिनाही उलटला नव्हता तोच, ३१ जानेवारीला, इंटेलने सोबतच्या चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपचा, पुरवठा थांबवला. हार्ड डिस्क जोडायच्या काही साटा पोर्टमध्ये दोष सापडला होता: मशीन पहिल्या दिवशी उत्तम चालायचं आणि काळाच्या ओघात ती पोर्ट क्षीण होत जायची. दुरुस्ती आणि बदलीसाठी इंटेलने सुमारे ७० कोटी डॉलरचा अंदाज दिला आणि सुधारलेली चिप आणली. ज्या लॅपटॉपमध्ये फक्त पहिली दोन पोर्ट वापरली होती त्यांना काहीच धोका नव्हता. त्या वेळी ज्यांची ऑर्डर लांबली त्यांना सुधारलेला माल मिळाला, आणि ज्यांनी घाईने घेतलं त्यांना आपल्या मशीनमध्ये डिस्क नेमकी कुठल्या पोर्टला आहे ते शोधत बसावं लागलं. म्हणून उशिराचं कारण विचारा. ‘तांत्रिक अडचण’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा: भारतातली मंजुरी बाकी आहे, सुटा भाग कमी पडतोय, की पहिल्या लॉटमध्ये काही बदललंय? तुमची मुलगी ते मशीन चार वर्षं वापरणार आहे, तेव्हा हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता तक्रारी. इथे मात्र सगळ्या एकाच पारड्यात टाकू नका. काही तक्रारी बायॉसच्या (मशीनचे भाग सांभाळणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने जातात, काही कधीच जात नाहीत, आणि काही मुळात दोषच नसतात.

स्क्रीनच्या उजेडाचं बघा. आयपीएस या प्रकारच्या एलसीडी स्क्रीनवर अंधारात कोपरे थोडे उजळ दिसतातच. तुम्ही डोकं हलवलं की तो उजेडही सरकला किंवा कमी झाला, तर तो त्या प्रकारच्या पॅनेलचा स्वभाव आहे. कुठूनही बघितलं तरी तो जागचा हलत नसेल, एखाद्या कडेला पिवळसर डाग पडल्यासारखा दिसत असेल, तर पॅनेल बसवताना कुठेतरी दाब पडलाय. तो अपडेटने जाणार नाही, पॅनेल बदलूनच घ्यायला हवं. लोक टाकतात ते फोटो बहुतेक मोबाइलने काळोखात काढलेले असतात आणि मोबाइलचा कॅमेरा तो उजेड फुगवून दाखवतो. त्यामुळे फोटो बघून निष्कर्ष काढू नका.

शिट्टीसारख्या आवाजाला कॉइल व्हाइन म्हणतात. प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटमध्ये छोट्या कॉइल असतात. प्रवाह झपाट्याने कमीजास्त झाला की त्या थरथरतात आणि ती थरथर ऐकू येते. याने मशीन बिघडत नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एक गप्प आणि एक चिवचिवणारा असं सर्रास असतं. पण रात्री शांत खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला तो आवाज छळेल. त्यामुळे बदलून घ्यायच्या मुदतीतच ठरवायचं, नंतर कोणी ऐकत नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं असतं: हे नॉर्मल आहे.

तापण्याची तक्रार मी या तिन्हींत सगळ्यात गंभीर धरतो, आणि ती नाशिकमुळे. परीक्षण करणारे बहुतेक जण एसीच्या खोलीत, वीस-पंचवीस अंशांत मशीन तपासतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत, स्लॅबखाली, संध्याकाळीही गरम हवा अडकलेली असते. बाहेरची हवा पंधरा अंशांनी गरम असेल तर आतलं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. बरेचसे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात. म्हणजे थंड देशातला माणूस ‘८८ अंशांपर्यंत जातं, पण चालतं’ म्हणत असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात तेच मशीन वेग टाकणार. मुलीला कॅड किंवा सिम्युलेशन चालवायचं असेल तर हे जाणवेल. पंख्याचा वेग कधी वाढवायचा हे बायॉस ठरवतं, त्यामुळे कंपनी पहिल्या दोन-तीन अपडेटमध्ये यात थोडी सुधारणा करू शकते. पण हीटसिंकच, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, लहान असेल तर अपडेट काही करू शकत नाही. ज्यांना मशीन मिळालंय त्यांना एकच विचारा: अर्धा तास पूर्ण लोड दिल्यावर वेग किती उरतो, आणि तेव्हा खोलीचं तापमान किती होतं? खोलीचं तापमान न सांगता दिलेला आकडा सोडून द्या.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. पहिल्या पंधरवड्यातल्या तक्रारी म्हणजे डोळ्यांना आणि कानांना लगेच कळणाऱ्या गोष्टी. माझ्या टेबलावर जे येतं ते त्यांत नसतं. बिजागरीचं, आम्ही ज्याला हिंज म्हणतो त्याचं, बघा. त्याचे स्क्रू पितळी इन्सर्टमध्ये, म्हणजे आटे असलेल्या छोट्या नळ्यांमध्ये, बसतात आणि ते इन्सर्ट प्लास्टिकमध्ये. हिंज कडक असेल तर वर्षभर उघडझाप झाल्यावर इन्सर्ट प्लास्टिकसकट उखडतात. पहिल्या महिन्यात याची तक्रार कोण करणार? तसंच सोल्डरचं, म्हणजे चिप बोर्डाला जोडणाऱ्या धातूच्या डागाचं. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपच्या बिघाडांपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. चिप तापायची, थंड व्हायची, पुन्हा तापायची, आणि त्यात तिच्या खालचे सोल्डरचे ठिपके तडकायचे. ते लॅपटॉप विकले गेले तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती.

म्हणून मी आलेल्या तक्रारींपेक्षा दुरुस्तीची सोय आधी बघतो. नव्या मॉडेलचे सुटे भाग सगळ्यात उशिरा येतात, कारण तयार होणारा प्रत्येक पॅनेल आणि प्रत्येक बोर्ड आधी नव्या मशीनमध्ये जातो. एका गिऱ्हाइकाचं असंच नवं मॉडेल पडून फुटलं होतं. कंपनीची ऑनसाइट वॉरंटी होती, माणूस घरी येऊन बघूनही गेला, पण पॅनेल देशातच नव्हतं आणि त्या मुलाची सत्र परीक्षा तोंडावर होती. नाशिकला पार्ट बहुधा मुंबईहून येतो. मुंबईतच नसेल तर आपण इथे कितीही फोन केले तरी उपयोग नाही. तेव्हा कंपनीच्या नाशिकमधल्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, मॉडेलचं नाव सांगा आणि विचारा: या मॉडेलचा स्क्रीन आणि मदरबोर्ड मागवला तर किती दिवस लागतील? समोरच्याला मॉडेलच माहीत नसेल तर तेही एक उत्तर आहे. तसं झालं आणि कॉलेज तोंडावर असेल, तर मी तरी मागच्या वर्षीचं मॉडेल घेईन. त्याचे पार्ट मिळतात, दोष सगळ्यांना माहीत झालेले असतात आणि बायॉसही सुधारलेलं असतं.

मेमरीचंही आताच बघून घ्या. एलपीडीडीआर प्रकारची मेमरी बहुतेक लॅपटॉपमध्ये बोर्डावर सोल्डर केलेली असते, आणि इंटेलच्या २०२४ च्या लूनर लेक प्रोसेसरमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर आहे. नंतर वाढवता येत नाही. बुकिंग आठ जीबीचं असेल तर ते बदलून सोळाचं करा, भले आणखी थांबावं लागो.

अमेरिकेतल्या कुणाकडून मागवायचा विचार असेल, तर अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. पण तिथली वॉरंटी इथे चालते का हे त्या मॉडेलपुरतं लेखी विचारल्याशिवाय हा मार्ग धरू नका, विशेषतः पहिल्या लॉटच्या मालासाठी.

पैशांची भीती मात्र मनातून काढून टाका, कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सांगितलेल्या तारखेपेक्षा माल उशिरा आला, किंवा तो सदोष निघाला, किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही. उशिराच्या बाबतीत अपवाद फक्त आपत्तीसारख्या, कुणाच्याच हातात नसलेल्या कारणांचा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो वा दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. या सगळ्याला पहिल्या दिवशी सांगितलेल्या तारखेचा पुरावा लागतो. ऑर्डरचं पान आणि तारीख बदलल्याचे मेसेज आजच जपून ठेवा, वेबसाइटवरची जुनी तारीख पुसली जाते.

लॅपटॉप हातात आला की सील तोडण्यापासून चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, बॉक्सवरचा सीरियल नंबर दिसेल असा. पहिल्याच दिवशी बायॉस अपडेट करा आणि मगच तपासा. काळोख्या खोलीत पूर्ण काळी स्क्रीन, नंतर पांढरी. प्रत्येक पोर्टला काहीतरी जोडून बघा. पंखा थांबलेला असताना कान लावून ऐका, चार्जर लावून आणि काढून. झाकण मधोमध धरून हळू उघडा आणि एका बाजूला कट्कन आवाज येतो का बघा. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी नव्या मशीनमध्ये जवळपास सारख्या हव्यात. फार फरक असेल तर ते मशीन गोडाऊनमध्ये बराच काळ पडलेलं किंवा कुणीतरी परत केलेलं असू शकतं. तपासणीला आठवडा लावू नका, काही विक्रेत्यांची बदलून द्यायची मुदत सातच दिवसांची असते.

आणि वॉरंटीची तारीख बघा. पैसे घेतले त्या दिवशी बिल केलं आणि माल दोन महिन्यांनी पाठवला, तर कंपनीच्या साइटवर वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू झालेली दिसू शकते. तसं असेल तर कुरियरची डिलिव्हरी पावती जोडून ती तारीख लगेच दुरुस्त करून घ्या. पहिल्या आठवड्यात ते काम एका ईमेलवर होतं.