बीपी १५०/९५ आहे पण त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं बीपी दोन-तीनदा १५०/९५ च्या आसपास आलं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पण ते म्हणतात ना चक्कर ना डोकेदुखी, आणि एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही. आमचे अण्णा अगदी हेच म्हणायचे म्हणून लिहितोय, मी डॉक्टर नाही.

अण्णांनी चार महिने गोळी घेतली, १२८/८२ आलं, आणि 'झालं नॉर्मल' म्हणून त्यांनीच बंद केली. आम्हालाही ते पटलं, याचं मला अजून वाईट वाटतं. अहो ते नॉर्मल गोळीमुळेच होतं! गोळी बीपी बरं करत नाही, दाबून धरते, सोडली की बहुतेकांचं परत चढतं आणि चढलेलं कळत नाही.

त्रास का होत नाही तर रक्तवाहिन्या आतून खराब होताना दुखत नाहीत. हृदयाचे दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, प्रेशर जास्त असेल तर प्रत्येक ठोक्याला भिंतींवर जादा ताण, मग त्या जाड आणि कडक होतात, आतलं अस्तर खराब होतं, तिथे कोलेस्टेरॉल साचायला लागतं. किडनी आणि डोळ्यांतल्या बारीक वाहिन्यांचंही तसंच, आणि हृदयाचा स्नायू जोर लावून लावून जाड होतो. हे सगळं वर्षानुवर्षं गुपचूप चालू असतं.

एकेकाळी डॉक्टरही वयानुसार बीपी वाढायचंच असं धरून चालायचे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ होतं, १२ एप्रिल १९४५ ला डोक्यात मागे भयंकर दुखतंय म्हणाले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा बीपी ३०० च्या वर. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्याच नव्हत्या हो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ लोकांना वर्षानुवर्षं तपासायला सुरुवात झाली आणि त्यातून पक्कं कळलं की जास्त बीपीवाल्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक (लकवा) जास्त येतात.

आता वडिलांसाठी. घरी दंडाला बांधायचं मशीन आणा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, दंड हृदयाच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. घरच्या रिडिंगची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते जास्तच समजतात. गुडघेदुखीसाठी पेनकिलर घेत असतील तर तेही सांगा, त्यांनी पण बीपी वाढतं. मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकं बोंबील सगळं धरून, आणि सैंधव घेतलं तरी ते मीठच आहे. मशेरी, तंबाखू पूर्ण बंद. चालणं, वजन यानेही उतरतं, कधीकधी गोळी कमीही होते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. गोळीने पाय सुजले किंवा कोरडा खोकला लागला तर दुसरी मिळते, बंद करायची नाही.

अण्णांचं पुढे काय झालं ते पण सांगतो. गोळी सोडल्यावर सात महिन्यांनी सकाळी चहाचा कप हातातून पडला, तोंड एका बाजूला, शब्द जड. आम्हाला वाटलं हात अवघडलाय, तेल चोळत बसलो, मग रिक्षा, मग आधी भलत्याच दवाखान्यात, सीटी स्कॅन झालं तेव्हा सहावा तास चालू होता. तो स्ट्रोक होता, आणि त्यात मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळणं यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या, तिथे पहिला प्रश्न हाच विचारतात की हे किती वाजता सुरू झालं.