पुशरॉड दुकानदाराला विचारायचा नसतो

प्रिय बाळा,

काल तू टेबलावर तीन पुशरॉड मांडलेस. एक जुन्या हेडचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचा, एक भंगारातून आणलेल्या हेडसोबतचा आणि एक दुकानदारानं ‘हाच लागते’ म्हणून दिलेला. ‘काका, यातला कोणता?’ मी चिडलो, तू चहा न पिताच निघून गेलास. म्हणून लिहितो आहे.

पुशरॉड म्हणजे तरी काय? कॅम या फिरत्या उंचवट्याचा धक्का वरच्या रॉकरला देणारा दांडा; रॉकर तिरपा होतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून त्याची लांबी नेमकी हवी. यातला कोणता ते इंजिन सांगेल. आधी मोज.

हेड अर्धा मिलिमीटर घासलं की रॉकर तेवढाच कॅमकडे खाली येतो. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो ती कडा, कापली की व्हॉल्व्हचा दांडा वर येतो आणि रॉकरचं दुसरं टोक रॉडवर दाबतं. दोन्हीनं जुना रॉड लांब पडतो. हेडखालचं गॅस्केट जाड घातलं तर उलट. तुझ्या हेडला यातलं काय काय झालंय, ते दुकानदाराला कुठून ठाऊक?

तू बघतोस त्या व्हिडिओतल्या अमेरिकन गाड्यांच्या नादी लागू नको. त्यांचा रॉकर स्टडवर बसतो, रॉड बदलला की व्हॉल्व्हच्या टोकावरची घासखूण सरकते. आपल्या ट्रॅक्टरचा रॉकर शाफ्टवर. खूण काठाला जात असेल तर शाफ्टच्या स्टँडखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घाल, आणि रॉड त्यानंतरच मोज.

मोजायचं कसं? एक सरळ जुना रॉड मधून काप, आत आटे पाड, स्टड आणि लॉकनट घालून कमी-जास्त होणारा कर. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आण, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. रॉकरवरचा, गॅप जुळवायचा टॅपेट स्क्रू मध्यावर ठेव, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये पुस्तकातल्या गॅपएवढी जाड फिलर पट्टी घाल आणि ती जेमतेम सरकेल एवढाच रॉड लांब कर. हातानं इंजिन दोन फेरे फिरव, रॉड हेडच्या भोकाला कुठं घासत नाही ना ते बघ. मग काढून मोज, तेही रॉडच्या टोकावरच्या वाटीच्या काठापासून नाही, बुडापासून. सहा इंची व्हर्निअर पुरणार नाही, लेथवाल्याचा बारा इंची माग.

1997 च्या ऑक्टोबरात मी मोजलं नव्हतं. घासून आणलेलं हेड, रॉड जुनेच. स्क्रू पार वर घेतला तरी एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅप येईना. इंजिन सुरू झालं ना, म्हणून देऊन टाकलं. चौथ्या दिवशी तो व्हॉल्व्ह जळला. थ्रेशर उभा, वरून पाऊस, गंजीतल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब. तो माणूस एक शब्द बोलला नाही, किल्ली उचलून गेला. त्याच्या धुऱ्यावरून जाताना आजही माझी मान खाली जाते.

लोक म्हणतात, हा एका दिवसाच्या कामाला दोन दिवस ट्रॅक्टर ठेवतो. ठेवतो, आणि ठेवणारच. त्यांना गंजीतला तो वास ठाऊक नाही.

तुझा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा हलका. पण घाई करतोस रे! आधी मोज.

शुक्रवारी मी आर्वीला नाही, घरीच आहे. किती भरलं ते फोनवर सांग. ‘अंदाजे’ म्हणालास तर फोन ठेवून देईन.

तुझा,
काका