ग्रेन टाकला म्हणून भूत येत नाही

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. मुलगा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांना घेऊन मोबाइलवर भुताच्या छोट्या फिल्म करतो आणि मग रात्र रात्र जागून त्यावर जुन्या सिनेमासारखे ठिपके आणि रेघा टाकत बसतो. त्याला ‘ग्रेन’ म्हणतात म्हणे. चांगलं स्वच्छ चित्र खराब करायचं, ही कसली कला? आता कॉलेज सोडून एका खासगी संस्थेत वर्षभराचा कोर्स करायचा म्हणतो. फी साडेचार लाख. त्याचे बाबा सातपूरला कंपनीत आहेत, ते या विषयावर बोलायलाच तयार नाहीत. नाशकात राहून या मुलाचं सिनेमात काय होणार? सोबत त्याच्या फिल्मची लिंक पाठवते आहे. – एक आई

उत्तर : ताई, फिल्म पाहिली. एकदा मोबाइलवर, एकदा मोठ्या स्क्रीनवर. वाड्याचा जिना आणि वरच्या माडीतला अंधार त्याने छान पकडलाय, मुलाला नजर आहे. कॉलेज मात्र सोडू देऊ नका. का ते पुढे सांगते. आधी ‘चांगलं चित्र खराब कशाला करायचं’ याचं उत्तर देते, कारण घरातला अबोला फीइतकाच या प्रश्नावरही अडलेला दिसतो.

सिनेमा रिळावर निघायचा तेव्हा त्या पट्टीवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असायचे आणि प्रकाश पडला की चित्र त्या कणांतूनच उमटायचं. कमी उजेडात चालणारी फिल्म हवी तर कण मोठे, आणि मोठे कण पडद्यावर दिसणारच. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते, पण तिच्या जागी रंगाचे बारीक पुंजके उरतात. सेकंदाला 24 चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत या कणांची मांडणी निराळी. त्यामुळे नुसती रिकामी भिंत दाखवली तरी ती पूर्ण स्थिर नसते, किंचित सळसळत राहते. भयपटाला ही सळसळ फार उपयोगी पडते. अंधाऱ्या कोपऱ्यात काही हललं की नाही हे डोळ्याला ठरवता येत नाही, तो शोधत राहतो. दिग्दर्शकाने अजून काहीच दाखवलेलं नसतं आणि प्रेक्षक मात्र आधीच अस्वस्थ झालेला असतो.

1974 चा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ हा भयपट 16 मिमी रुंदीच्या फिल्मवर निघाला, तो तुटपुंज्या बजेटमध्ये. 16 मिमीची चौकट सिनेमाच्या नेहमीच्या 35 मिमी फिल्मच्या चौकटीच्या पाव हिश्शाहूनही लहान असते. ती थिएटरच्या पडद्याएवढी ताणली की कणही तेवढेच फुगतात. त्या खरखरीतपणामुळे तो सिनेमा रचलेला वाटत नाही, कुणीतरी घडता घडता टिपल्यासारखा वाटतो. आज पैशांची ददात नसलेले लोकही तोच पोत मागतात. 2021 चा ‘ड्यून’ डिजिटल कॅमेऱ्यावर शूट केला, मग फिल्मवर छापला आणि ती फिल्म स्कॅन करून पुन्हा डिजिटल केला. एवढा खटाटोप एवढ्या मोठ्या सिनेमासाठी होत असेल, तर तुमचा मुलगा रात्री जागतो त्यात वेडेपणा काही नाही.

यापुढचे दोन परिच्छेद त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या फिल्ममध्ये ग्रेन आहे, ओरखडे आहेत, धूळ आहे, कडेने लाल उजेडही गळतोय. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून येते. ग्रेन निगेटिव्हमध्येच असतो, ओरखडे बहुतेक वेळा प्रिंट प्रोजेक्टरमधून फिरून फिरून पडतात, आणि लाल उजेड कॅमेऱ्यात फटीतून प्रकाश शिरल्याचा. तू सगळं एकदम ओतलंस. शिवाय ग्रेनसाठी एकच चित्र फिल्मभर चिकटवलं आहेस. तो हलत नाही, त्यामुळे आपण कळकट काचेमागून बघतोय असं वाटतं. खरा ग्रेन मधल्या करड्या छटांत जास्त जाणवतो. लख्ख पांढऱ्यात आणि गडद काळ्यात कमी. तुझ्याकडे भिंतीवर आणि दाराच्या काळोखात तो सारखाच शिंपडलाय.

आणि तुझी गोष्ट घडते 1990 च्या पंचवटीत. त्या वेळच्या घरगुती आठवणी आपल्याकडे कशावर आहेत? लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर. त्यात रंग कडेबाहेर सांडतात, आडव्या पट्ट्या सरकतात, तळाशी चित्र वाकडं होतं. तू चढवलेला पोत सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेचा आहे. बघणाऱ्याला जुनं आहे हे कळतं, पण आपल्या घरातलं वाटत नाही. कुठला काळ, कुणाचा कॅमेरा, किती उजेड, हे शूटिंगच्या आधी ठरवायचं असतं. जिन्यातला एकच प्रसंग एका बल्बवर पुन्हा शूट कर, ग्रेन अजिबात न टाकता. तेव्हाही भीती वाटली तर मग ग्रेनचा विचार कर. घरात कुणाचा जुना फिल्म कॅमेरा पडून असेल तर 400 स्पीडचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा, एक ब्लॅक अँड व्हाइट रोल जरूर काढ. 36 फोटो, आणि प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार. तासन्‌तास ट्युटोरियल बघण्यापेक्षा जास्त शिकशील.

ताई, आता कॉलेजचं. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचा सिनेमॅटोग्राफीचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, तीन वर्षांचा कोर्स पदवीनंतरचा आहे, प्रवेश परीक्षेतून. पदवी अर्धवट सोडली तर ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतल्यासारखं होईल. रोज कॉलेजला जाणं अगदीच नको झालं असेल, तर गंगापूर रोडला मुक्त विद्यापीठ आहेच, पण पदवी हवी.

कॉम्प्युटर सायन्स इथे वाया जात नाही, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवर व्हिडिओ पाठवताना मागच्या चौकटीवरून पुढच्या चौकटीचा अंदाज बांधून फाइल लहान करतात. ग्रेनचा असा अंदाज बांधता येत नाही, कारण तो दर चौकटीत नवा असतो. मग एकतर फाइल फुगते, नाहीतर ग्रेनचा चिखल होतो. तुमच्या मुलाची फिल्म यूट्यूबवर गढूळ दिसते त्याचं हेही एक कारण. एव्ही1 नावाच्या पद्धतीत यावर तोडगा आहे : ग्रेन आधी काढून टाकायचा, तो कसा होता याचं गणिती वर्णन सोबत पाठवायचं आणि बघणाऱ्याच्या स्क्रीनवर तो पुन्हा तयार करायचा. चित्राची नजर आणि हे गणित, दोन्ही असलेली माणसं फार नसतात. त्याने तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच करावा, असं मी सुचवेन.

नाही तर सरळ रस्ते दोन. कॅमेरा, किंवा कलर ग्रेडिंग, म्हणजे शूट झालेल्या चित्राचे रंग आणि उजेड नंतर जुळवणं. ते करणारा तो कलरिस्ट. मला तो दुसऱ्याकडे झुकलेला वाटतो. रात्री जागून दुरुस्त्या करत बसणारा मुलगा बहुधा कलरिस्ट होतो. सुरुवात कंटाळवाणी असते : फुटेज कॉपी करा, फाइली जुळवा, सीनियरच्या मागे बसून बघा. कमाईही पहिली काही वर्षं कधी आहे, कधी नाही. हे काम मुंबईत, बऱ्याचदा रात्री उशिरापर्यंत चालतं, पंचवटी एक्सप्रेसने अप-डाउन करून जमणारं नाही. तोपर्यंत नाशकातल्या एखाद्या लग्नाच्या स्टुडिओत सुट्टीत एडिटिंगला बसू दे. नाक मुरडू नका, शंभर चेहऱ्यांचे रंग एका दिवसात जुळवणं ही मोठी तालीम आहे.

नाशकात राहून काय होणार, असं तुम्ही विचारलंत. फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी कंपनी चालवली ती नाशकातच, आणि 1944 साली इथेच गेले. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्म धुण्याच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे हात होते, हे मुलाच्या बाबांना जरूर सांगा.

साडेचार लाख मात्र आत्ता भरू नका. त्या संस्थेत मुलाला घेऊन जा आणि मागच्या बॅचच्या मुलांनी शूट करून ग्रेड केलेल्या फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायला सांगा. मुलांना कॅमेरा आठवड्यातून किती तास हातात मिळतो, ग्रेडिंगच्या खोलीत किती जण एका मशीनवर बसतात आणि शिकवणारे स्वतः सध्या कुठे काम करतात, हे विचारा. मागच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी संस्थेबाहेर बोला. यातलं काही दाखवायला ते कां-कूं करू लागले, तर त्याच पैशांतल्या थोड्यात एक बरा मॉनिटर आणि ग्रेडिंग सॉफ्टवेअरची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती घेऊन द्या, आणि परीक्षा संपेपर्यंत दोन्ही खोक्यांत राहू द्या.