चांगल्या दिवसाची भीती

मी इंग्लंडमध्ये समुपदेशन करते, आपली मराठी माणसंही येतात, आणि गेलं वर्षभर बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई आमचे पैसे बंद होणार का हो? आजारपणाच्या किंवा अपंगत्वाच्या भत्त्यावर ज्यांचं घर चालतं त्यांना सरकारच्या बदलांची किती धास्ती आहे हे बाहेरच्याला कळतच नाही. म्हणून एकीचं सांगते, तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पंचेचाळिशीची बाई, संधिवात, सकाळी बोटं वळत नाहीत, नोकरी सुटलेली. तिला पिप मिळायचं, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट हा अपंगत्वाचा भत्ता, त्यातला रोजच्या कामांचा स्टँडर्ड दर, तेव्हा आठवड्याला 73.90 पौंड. त्यासाठी निदान 8 पॉइंट लागतात आणि तिचे बरोब्बर 8 होते, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, टॉयलेट, चारही ठिकाणी काहीतरी साधन वापरावं लागतं म्हणून दोन-दोन. 18 मार्च 2025 ला सरकारने प्रस्ताव मांडला की यापुढे बेरीज 8 असून भागणार नाही, एखाद्या तरी कामात एकदम 4 हवेत. तिने त्या रात्री जुनं पत्र काढून हिशोब केला आणि तिच्याकडे चार कुठेच नव्हते.

आली तेव्हा झोप उडालेली, पहाटे तीनला फोनवर बातम्या. नवरा म्हणायचा "काही होत नाही गं", आणि त्यामुळेच ती त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. मी ते वाक्य कुणालाच म्हणत नाही, कारण मला ते माहीत नसतं, आणि तिचा हिशोब चुकलेला नव्हता, प्रस्ताव जसाच्या तसा आला असता तर पुढच्या तपासणीत ते पैसे खरंच जाऊ शकत होते. अशा माणसाला पॉझिटिव्ह विचार कर म्हणणं म्हणजे तुला गणित येत नाही म्हणण्यासारखं आहे. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का हेही मी सरळ विचारलं, तसं नव्हतं, पण समॅरिटन्स या मदतीच्या फोनसेवेचा 116 123 हा नंबर फोनमध्ये सेव्ह करायला लावलाच.

खरं दुखणं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. सहज विचारलं, या आठवड्यात एखादा दिवस बरा गेला का, तर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "गेला ना ताई, मंगळवारी हात चांगले चालत होते, म्हणून दिवसभर पडदे लावून बसले." घराच्या पुढच्या बाजूला तिची गुलाबाची झाडं, रस्त्याला लागून, तिथं मार्चपासून ती गेलीच नव्हती, कुणी पाहिलं आणि म्हणालं की ही तर धडधाकट आहे तर काय घ्या! म्हणजे पैसे गेले नव्हते, कायदा झाला नव्हता, आणि महिन्यातले जे थोडे बरे दिवस तेवढे मात्र भीतीने आधीच काढून घेतले होते. हे मी इतक्या जणांत पाहिलंय की आता मुद्दाम विचारते.

तिला एक गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. पिपच्या नियमातच धरलंय की आजार रोज सारखा नसतो, वर्षभराचा विचार करून निम्म्याहून जास्त दिवस काय अवस्था असते ते बघतात, आणि "जमतं" याचा अर्थही सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमतं असा आहे. मग एक वही केली. रोज दोन ओळी, काय जमलं, किती वेळ लागला, दुसऱ्या दिवशी त्याची काय किंमत मोजली. बरा दिवसही लिहायचा, लपवायचा नाही, कारण बऱ्या दिवसानंतरचे दोन दिवस वाचले की चित्र आपोआप स्पष्ट होतं.

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले, बातमी, कायदा, माझ्या नावाचं पत्र. 1 जुलैला संसदेत मतदानाच्या थोडं आधी सरकारने ती चार पॉइंटची अट मागे घेतली आणि मंत्री स्टीफन टिम्स यांच्या समितीच्या आढाव्यानंतरच पुढचं ठरवू म्हणाले. मला वाटलं आनंद होईल, पण ती म्हणाली, "म्हणजे पुढे ढकललंय." बरोबरच होतं तिचं, ते बातमीच्या रकान्यात गेलं. कायद्याच्या रकान्यात गेला युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा बदल, एप्रिल 2026 पासून नव्याने अर्ज करणाऱ्या बहुतेकांना आजारपणाचा भाग आठवड्याला साधारण 97 ऐवजी 50 पौंड, आधीपासून घेणाऱ्यांचा तसा निम्मा होत नाही, आणि पिप हे वेगळंच खातं आहे. लोक ही दोन्ही एकत्र करून दुप्पट घाबरतात. तिसरा रकाना रिकामा होता. तिथे पत्र आलंच आणि निकाल उलटा असला तर महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, मग स्वतंत्र ट्रिब्युनल, आणि फॉर्मला सल्ला-संस्था सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची मोफत मदत, हे पेन्सिलने लिहून ठेवलं.

आणखी एक ठरलं, भत्त्याचं सरकारी पत्र ज्यात येतं ते तपकिरी पाकीट एकटीने आणि रात्री उघडायचं नाही.

या वर्षी ते पाकीट आलं, सकाळीच. नवरा संध्याकाळी पाचला येणार होता. तिने ते टेबलावर ठेवलं, आणि त्या दिवशी हात बरे होते म्हणून कात्री घेऊन पुढच्या दाराने बाहेर गेली.