माणसाच्या स्वभावावरची, हसवणारी आणि विचारही करायला लावणारी तुमची आवडती वचने कोणती?

मला सुविचारांपेक्षा आपल्या जुन्या म्हणी अधिक जवळच्या वाटतात, कारण त्यांत उपदेश नसतो. कोणीतरी नीट निरखून पाहिलेली एखादी गोष्ट असते. 'चोराच्या मनात चांदणे' ही म्हण घ्या. ज्या चांदण्यात इतरांना प्रसन्न वाटते, त्याच चांदण्याची चोराला धास्ती, कारण त्यात आपण दिसू. अपराधी मनाची सगळी घालमेल तीन शब्दांत आली आहे, आणि तरीही ऐकताच आधी हसू येते. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे' या म्हणीचा अर्थ तर सांगावाच लागत नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की ती आपोआप आठवते.

पण माझी सर्वांत आवडती म्हण 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही आहे. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. ती जळून राख झाली तरी राखेत वळ्या तशाच दिसतात. वैभव गेल्यावरही ताठा न सोडणाऱ्या माणसाबद्दल ही म्हण वापरतात, आणि बहुधा तुच्छतेनेच.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावरचे एक काका गिरणीत, सूत कातण्याच्या खात्यात कामाला होते. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतल्या कित्येकांना पुन्हा कामावर जाता आले नाही, काका त्यांतलेच. पुढे ते एका इमारतीत रखवालदार झाले, तरी कडक इस्त्रीचा सदरा आणि कोणाकडे उसने न मागण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. एकदा गॅलरीत एका शेजाऱ्याने त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ही म्हण म्हटली. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "अरे, पिळाशिवाय सूत टिकतं होय? पीळ कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर गुंता होतो. आम्ही जन्मभर तेच सांभाळलं."

त्या दिवसापासून ही म्हण कोणी कोणाला उद्देशून वापरली, की बोलणाऱ्याला नक्की काय खुपते आहे, याकडेच माझे लक्ष आधी जाते. समोरच्याचा गर्व खुपतो, की पडत्या काळातही तो वाकत नाही हे खुपते?

माझ्या मुलीने सुंभ कधी पाहिलाच नव्हता. म्हणून मागे एकदा काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा जुन्या तव्यावर ठेवून मी तिला जाळून दाखवला. वळ्या खरोखरच जशाच्या तशा राहिल्या. त्यांना बोट लावण्याआधी ती बराच वेळ नुसती पाहत बसली होती.