पंचतंत्रातील कथा राजकीय उपहास मानाव्यात, की केवळ मुलांच्या बोधकथा?

आपला प्रश्न असा आहे, की प्राण्यांच्या गोष्टींतून सत्तेवर टीका करण्याची परंपरा आपल्याकडे खरोखर होती, की हा अर्थ आज आपण त्यांच्यावर लादतो आहोत. माझ्या मते ती टीका मूळ रचनेतच आहे आणि पंचतंत्रातील ‘मित्रभेद’ हे पहिले तंत्र, म्हणजे पहिला विभाग, तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

त्यातील क्रथनक उंटाची कथा पाहा. तांड्यापासून चुकलेल्या या उंटाला मदोत्कट सिंह अभय देतो. पुढे हत्तीशी झालेल्या झुंजीत सिंह जखमी होतो, शिकार थांबते आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारे कोल्हा, कावळा व चित्ता उपाशी राहू लागतात. कोल्हा उंटाला मारण्याचे सुचवतो, तेव्हा सिंह अभयवचनाची आठवण करून देऊन त्याला खडसावतो. पण उंटाने स्वतःहून देह अर्पण केला तर दोष लागणार नाही, अशी पळवाट कोल्ह्याने दाखवताच तोच सिंह ‘तुला रुचेल ते कर’ म्हणून मोकळा होतो. मग दरबारात एकेक सेवक स्वामीसाठी प्राण देऊ करतो आणि दुसरा काहीतरी कारण काढून त्याला मागे सारतो. इतक्या जणांनी देह देऊ केला आणि एकालाही मारले नाही, हे पाहून भाबडा क्रथनकही पुढे होतो आणि तत्क्षणी फाडला जातो. राजाचे वचन अक्षरशः अबाधित राहते, हत्येला संमतीचे रूप मिळते आणि जबाबदारी कोणावरच येत नाही. सत्तेच्या कारभारावर याहून कठोर टीका मला आपल्या कथासाहित्यात क्वचितच आढळली आहे.

ही गोष्ट कोण कोणाला सांगतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘मित्रभेद’च्या मुख्य कथेतील पिंगलक सिंहाचा मित्र झालेला संजीवक बैल, जो स्वतःही व्यापाऱ्याच्या तांड्यातून मागे राहिलेला आहे, ती दमनकाला सांगतो. आणि हा दमनक कोल्हा म्हणजे पिंगलकाच्या दरबारातील अधिकार गमावलेल्या दोन मंत्रिपुत्रांपैकी एक (दुसरा करटक), जो त्याच वेळी संजीवकाच्या नाशाचा डाव रचतो आहे. क्षुद्र सल्लागारांनी वेढलेला राजा काय करतो हे संजीवकाला पुरते उमगलेले आहे, तरीही तो वाचत नाही. करटक आणि दमनक या कोल्ह्यांची नावे बदललेल्या रूपात पुढे ‘कलीला व दिम्ना’ या आठव्या शतकातील अरबी भाषांतराच्या शीर्षकातच आली, यावरून दूरदेशीच्या वाचकांनाही दरबारी कारस्थानाचा हा धागा किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना येते.

मुलांसाठीच्या आवृत्त्यांत प्रत्येक गोष्ट सुटी करून छापतात, त्यामुळे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही गळून पडतात आणि उरतो तो केवळ ‘दुष्टांची संगत नको’ एवढा उपदेश. म्हणून माझा आग्रह आहे, की आपण संक्षेप न केलेले भाषांतर घ्यावे आणि ‘मित्रभेद’ सलग वाचावे.